नसलेलं जाळं

कौशी,

परवा तुझी तेरवी झाली. काल शाळेत फळ्याशेजारी तुझा फोटो लावला आणि त्याखाली चिकटवायला मुख्याध्यापकांनी माझ्याकडून दहा ओळी लिहून घेतल्या. जन्म, गाव, शाळेत प्रवेश, पोहण्यात राज्याचं सुवर्णपदक, राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य, शाळेचा अभिमान वगैरे. दहा ओळींत एकही शब्द चुकीचा नाही आणि एकाही ओळीत तू नाहीस. तुला वाचता आलं असतं तर तू तेच म्हणाली असतीस जे दहा वर्षं म्हणत आलीस. "बाई खोटी बोलते."

हे तू नव्या शिक्षिकांना सांगायचीस. स्वयंपाकाच्या मावशींना सांगायचीस. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही सांगितलंस आणि ते माझ्या हजेरीपटाकडे बारकाईने बघू लागले. तुझ्या बोलण्यात राग नसायचा. भिंतीला रंग ओला आहे, टेकू नका, असं सांगावं तसं सांगायचीस. आरोप खरा होता. मी मात्र दहा वर्षं त्याचं उत्तर देताना भलत्याच प्रश्नाचं देत राहिले. म्हणून आता एकदा नीट क्रमाने सांगते.

१९९९ साली तू शाळेत आलीस तेव्हा अकरा वर्षांची होतीस. तुझे बाबा तुला सडक अर्जुनीपलीकडच्या गावातून एसटीने गोंदियाला घेऊन आले. सोबत एक पिशवी, पिशवीत दोन फ्रॉक आणि उकडलेले शिंगाडे. तेव्हा आमच्या शाळेच्या पाटीवर 'मतिमंद मुलांची निवासी शाळा' असं लिहिलेलं होतं. पुढे पाटी दोनदा बदलली. तू तिन्ही पाट्यांखालून सारख्याच निवांतपणे आत-बाहेर केलंस.

चौथ्या दिवशी दुपारच्या जेवणाला तू नव्हतीस. शाळेमागे एक बोडी होती, म्हशी बसतात तेवढं तळं. तिथे गर्दी जमलेली. 'बच्ची डूब गई' असा ओरडा ऐकून मी चप्पल न घालता धावले. तू बोडीच्या मधोमध पाठीवर पडली होतीस, डोळे मिटून. कान पाण्याखाली, त्यामुळे तुला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. तुला वाचवायला दोघांनी उड्या मारल्या होत्या. दोघेही छातीपर्यंत गाळात रुतून बसले होते. मग तू डोळे उघडलेस, कूस वळवलीस, त्यातल्या एकाकडे गेलीस, त्याच्या शर्टाची कॉलर धरलीस आणि त्याला ओढत काठाला आणलंस. पानटपरीवाला मला म्हणाला, "मॅडम, बच्ची को निकालने दो आदमी उतरे थे. एक को बच्ची ने निकाल दिया. दूसरा अभी बाकी है."

मी आधी तुझा कान पिळला आणि मग टॉवेल मागवला. क्रम चुकला, हे तेव्हाच कळलं होतं.

"कायले गेली होती?" मी विचारलं.

"पानी होता," तू म्हणालीस.

यापेक्षा सरळ उत्तर मला त्या वर्षात कुणी दिलं नव्हतं.

तुला स्पर्धेत उतरवायचं हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. आमच्या शाळेतली मुलं धावणं आणि गोळाफेक करायची, पोहण्यात कुणीच नव्हतं. रकाना रिकामा होता, तो भरता येईल असं वाटलं. अडचण एकच. मला पोहता येत नाही. मी सडक अर्जुनीत हायवेच्या कडेला वाढले. वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूबमधलं भोक शोधायला लोखंडी टबात पाणी भरलेलं असायचं, तेवढंच माझं पाण्याचं शिक्षण. मी पोहण्यावरचं चित्रांचं एक पुस्तक आणलं, नागपूरला पाच दिवसांचं प्रशिक्षण केलं, शिट्टी आणि स्टॉपवॉच घेतलं आणि तुझी प्रशिक्षक झाले.

आमच्या शाळेला कुठला आलाय जलतरण तलाव. मग शनिवारी दुपारी तुला घेऊन मी माहेरी यायचे आणि रविवारी सकाळी तुमच्या गावच्या तलावावर. तुमची सगळी वस्तीच धिवरांची, पिढ्यान्‌पिढ्या त्याच तलावात मासे धरणारी. बाबा डोंग्यातून जाळं टाकायचे. तू त्यांच्या मागे पाण्यात. तुला पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं, वार सांगता येत नव्हता, वेणी घालायला तू पंधराव्या वर्षी शिकलीस. पण पाण्यात तू कशी होतीस ते मला पहिल्या रविवारी दिसलं. डोकं वर, खांदे स्थिर, पाय पाण्याच्या आत खोल कुठेतरी हलणारे. एक थेंब वर उडत नव्हता. बगळाही न उडता बसून राहिला होता.

सुंदर होतं ते. आणि फार हळू.

पुस्तकात लिहिलं होतं की वेग पायांत असतो. पायांनी पाणी मारायचं, फेस दिसला पाहिजे. मी काठावर पालथी पडून तुला पाय मारून दाखवले. साडी नेसून, मातीत. तुझी माय शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेऊन उभीच राहिली.

"बाई, कोनी साप चावला का?"

"नाही हो, शिकवते आहे."

तू मात्र ओठांवर बोट ठेवलंस. "आवाज नोको करू, बाई. मासोऱ्या भागतेत."

तुमच्याकडे मासोळीला मासोरी म्हणतात आणि जाळ्याला जारा. हे दोन शब्द मी त्या सकाळी शिकले आणि आपलं भांडणही त्याच सकाळी सुरू झालं. मी म्हणायचे, पाय मार. तू म्हणायचीस, मासोऱ्या भागतेत. मी लाडाने सांगितलं, रागावून सांगितलं, गुलाबजाम कबूल केले, खेळाचा तास बंद केला. तू गुलाबजाम खाल्लेस आणि पाय मारले नाहीस.

पहिली स्पर्धा नागपूरला झाली. निळ्या फरशीचा तलाव, दोरीने आखलेल्या लेन. तू काठावर बसून बराच वेळ पाण्यात बघत राहिलीस. मला वाटलं घाबरली. शेजारच्या लेनमध्ये मुली सराव करत होत्या, धपाधप पाय मारत.

"बाई, ह्या पोट्ट्या पान्याले काऊन मारून राहिल्या?"

"जोरात जायला."

"पाहा मंग. एक मासोरी नाई ठेवली."

तुझ्या हिशोबाने त्या तलावात मासे नव्हते याचं कारण अगदी उघड होतं. तू उतरलीस आणि आवाज न करता, कुणालाही त्रास न देता शेवटची आलीस. भिंतीला हात लावून वर बघून हसलीस. बाकीच्या मुलींचे पालक टाळ्या वाजवत होते आणि मी स्टॉपवॉचकडे बघून दात खात होते. पुढची काही वर्षं हेच चाललं. कधी शेवटून दुसरी, कधी तिसरी. दोनदा कांस्य मिळालं, कारण गटात तिघीच होत्या. तू ती पदकं घरी नेलीस आणि बाबांनी ती डोंग्याच्या खुंट्याला बांधली. एक पाण्यात पडलं. कुणी फारसं शोधलं नाही.

मी मात्र शोधत होते. मला दिसत होतं की तुझ्या दमात, तुझ्या खांद्यांत राज्यातल्या कुठल्याही मुलीला मागे टाकण्याची ताकद आहे. ती अडकली आहे एका वाक्यात. ते वाक्य तुझ्या डोक्यातून काढायचं, एवढंच मला सुचत होतं. मी तुला सात वर्षं पाय मारायला सांगितलं. सात वर्षं दर रविवारी तुझे बाबा वीस हातांवर जाळं झटकत बसलेले असायचे. त्यांना मी कधी काही विचारलं नाही. त्यांनी तुला तो नियम शिकवला, म्हणजे चूक त्यांची, असं मी धरून चालले होते. त्यांच्याशी मी फक्त बसच्या वेळेबद्दल बोलायचे.

मग पुण्याची राज्यस्पर्धा आली. तू अठरा वर्षांची. त्या खेपेला बाबा पहिल्यांदाच आपल्यासोबत आले, कारण मायने सांगितलं होतं की पोरगी पुन्याले जाऊन राहिली, मी तं काई एकटी सोडत नाई. ती स्पर्धा महत्त्वाची होती. तिथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होणार होती आणि वय बघता मला वाटत होतं की तुझी हीच संधी.

आपल्या मुलांच्या स्पर्धांची एक पद्धत असते. पहिल्या दिवशी प्राथमिक फेरी. तिच्यातल्या वेळेवरून जवळपास सारख्या वेगाच्या मुलांचे गट पाडतात, म्हणजे हळू मुलालाही बरोबरीच्या मुलांशी लढता येतं. चांगली पद्धत आहे. पण काही प्रशिक्षक हुशारी करतात. मुलाला पहिल्या दिवशी मुद्दाम हळू जायला सांगतात, म्हणजे तो हळू गटात पडतो आणि दुसऱ्या दिवशी सहज जिंकतो. ते रोखायला नियम आहे. अंतिम फेरीत मूल स्वतःच्याच पहिल्या वेळेपेक्षा ठरलेल्या मर्यादेबाहेर वेगाने गेलं, तर बाद. हा नियम मला पाठ होता. इतर शाळांच्या शिक्षकांना मीच तो समजावून सांगायचे.

प्राथमिक फेरीत तू नेहमीसारखीच गेलीस. बगळा बसून राहील अशी. सगळ्यांत हळू गटात पडलीस.

संध्याकाळी निवासाच्या पायऱ्यांवर मी बाबांपाशी सगळा राग काढला. म्हटलं, तुमच्यामुळे झालं हे. तुम्हीच शिकवलंत तिला, पाण्यात आवाज करायचा नाही. सात वर्षं मी डोकं आपटते आहे. ते बिडी विझवून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, चूप राहाचा तं जारा टाकताना. मासोऱ्या हाकताना आमीच पानी बडवतो. एका बाजूले जारा लावाचा, अन्‌ दुसऱ्या बाजूनं पाय मारत, हात मारत मासोऱ्या जाऱ्याकडे हाकाच्या. कौशी तं त्यात सगळ्यांच्या पुढं असते."

विझवलेली बिडी त्यांनी कानामागे खोचली.

"तुमी तिले सांगतलाच नाई का, का आज हाकाचा आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग ते कशी हाकन?"

मी ते हाकणं कधी पाहिलं नव्हतं. ते पाणी उतरल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी करतात आणि तेव्हा आमच्या शाळेत परीक्षा असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ठोकळ्यावर उभी राहण्याआधी मी तुझ्या कानात सांगितलं, "कौशी, आज हाकायचं आहे. त्या भिंतीकडे जारा लावला आहे. सगळ्या मासोऱ्या तिकडे ने."

तू माझ्याकडे पाहिलंस. "खरंच?"

"खरंच."

तेच ते खोटं. त्यानंतर जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. शिट्टी झाली आणि तू पाणी फोडलंस. पायांनी, हातांनी, छातीने. दोन्ही बाजूंच्या लेनमध्ये लाटा गेल्या. एक मुलगी दोरी धरून थांबली आणि बघतच राहिली. तू तोंडाने 'हो हो हो' असं ओरडत होतीस, पाण्यातसुद्धा. प्रेक्षकांत बाबा उभे राहून ओरडत होते, "डावीकडं, डावीकडं सुटून राहिल्या." तू भिंतीला पोचलीस तेव्हा दुसरी मुलगी अर्ध्यावर होती. मी स्टॉपवॉच दाबायला विसरले. सात वर्षांत पहिल्यांदा.

आणि तू वर आलीस, डोळे पुसलेस, आणि आजूबाजूला पाहिलंस. मग बुडी मारलीस. भिंतीच्या मुळाशी हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीस. वर आलीस.

"बाई, जारा कोठी आहे?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मला टेबलाकडे बोलावलं. तुला बाद केलं होतं.

मी फार भांडले. तिने पहिल्या दिवशी काही लपवलं नाही, तिला तेव्हा माहीतच नव्हतं, असं म्हणाले. काय माहीत नव्हतं, असं त्या अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हणाले, की मासे हाकायचे आहेत हे. ते गृहस्थ सभ्य होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, सगळे प्रशिक्षक काहीतरी सांगतातच. हे मात्र मी पहिल्यांदा ऐकतो आहे." नियम नियम होता. चूक माझी होती. उत्साहाच्या भरात ज्या गोष्टीचं भान फक्त मलाच असायला हवं होतं, तेच मी सोडलं. तुला ते आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तू वेगवान गटात पडली असतीस आणि तिथेही जिंकली असतीस. पण प्राथमिक फेरीच्या आधी मी बाबांशी बोललेच नव्हते. त्याच्या आधीची सात वर्षंही नाही.

परतीच्या प्रवासात मी तुला तो नियम समजावत राहिले. मर्यादा, वेळ, गट. तू ऐकून घ्यायचीस आणि विचारायचीस, "पन जारा?" बाबा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी तूच निकाल दिलास. "जारा नोहता. बाई खोटी बोलते."

शाळेत परतल्यावर मी वर अर्ज लिहिले, पुरावे जोडले. काही झालं नाही. मला रात्रंदिवस बोचत होतं ते तुझं गेलेलं पदक. ते तुला बोचतच नव्हतं, हे मला समजायला फार वेळ लागला. पदकं तर खुंट्यावरून पाण्यातही पडायची. तुझं दुःख वेगळं होतं. तू एवढ्या मासोऱ्या हाकल्यास आणि बाईने त्या सगळ्या मोकळ्या सोडून दिल्या.

त्यानंतर दोन वर्षं तू पाय मारले नाहीस. मी 'हाकायचं आहे' म्हटलं की तू भिंतीकडे बघायचीस, मग माझ्याकडे, आणि गुपचूप, न शिंपडता पोहायचीस. मी किती आर्जवं केली असतील.

तोडगा बाबांनीच काढला. नागपूरच्या निवड स्पर्धेला ते आले आणि त्यांनी पिशवीतून जाळ्याचा जुना तुकडा काढला. भिंतीपलीकडच्या कठड्यावर तो पसरून त्याच्यामागे मांडी घालून बसले. तू उतरायच्या आधी चालत जाऊन जाळ्याला हात लावलास, फाटलंय कुठे ते पाहिलंस. "हाव, जारा आहे," असं मला सांगितलंस, मला माहीत नसल्यासारखं. त्या वेळी मी दोन्ही फेऱ्यांच्या आधी सांगितलं. तू दोन्ही वेळा हाकलंस. पुढे राज्याचं सुवर्ण आलं आणि राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य. तिथे बाबा नव्हते, जाळं मी नेलं. फाटकावरच्या पोलिसाने पिशवी उघडून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "खिलाड़ी का सामान." तो म्हणाला, "खिलाड़ी है के मछुआरा?" तू म्हणालीस, "दोनी."

रौप्य गळ्यात घालून तू जाळ्यापाशी आलीस. आत डोकावलीस. "बाई, तुमच्या जाऱ्यात काईच येत नाई," म्हणालीस. मी विचारलं, का बरं? तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. कोरडी साडी, कोरड्या चपला, गळ्यात शिट्टी.

"तुमी पान्यात उतरतच नाई. वरून काय मासोऱ्या येतेत?"

हे आपलं दुसरं भांडण. पहिल्यापेक्षा मोठं, आणि ते मी शेवटपर्यंत टाळलं. तू चोविसाव्या वर्षी शाळा सोडून गावी गेलीस. तलावावर सगळ्यांबरोबर शिंगाडे काढायचीस. गावातल्या लहान मुलांना पोहायला शिकवायचीस. जाळं टाकताना चूप आणि हाकताना ओरडायचं, हे दोन्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचीस. मला जे सात वर्षांत जमलं नाही ते. दर दिवाळीच्या सुमारास माझ्यासाठी शिंगाड्यांची पिशवी यायची. मी माहेरी आले की तलावावर यायचे, आणि तू काठावर येऊन माझा हात ओढायचीस. "उतरा, बाई." मी म्हणायचे, पुढच्या खेपेला. साडी ओली होईल. बस चुकेल. गुडघा दुखतो. सगळी कारणं खरी होती. मला पाण्याची भीती वाटते, हे त्यांतलं एकही नव्हतं. बारा-तेरा वर्षं मी तुला भीती सोडायला शिकवलं अशा टाळ्या मी शाळेच्या कार्यक्रमांत घेतल्या. तुला कधी भीती नव्हतीच. माझी मी कुणाला दाखवली नाही. तुलाही नाही, आणि तू तर कुणाला हसणाऱ्यांतली नव्हतीस.

शेवटचं भेटलो ते संक्रांतीच्या आसपास. तू मला घोट्यापर्यंत पाण्यात नेलंस. मी म्हटलं, "बस, एवढंच." तू खाली माझ्या पायांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "हे काई उतरना नाई होय."

मग ताप, मग सरकारी दवाखाना, मग फोन. ते सगळं कागदावर आहे, मी इथे लिहीत नाही.

तेरवीला तुमच्या घरी मासोळीचं जेवण करतात. मी सकाळच्या बसने आले. पाणी बरंच उतरलेलं होतं. तुझा भाऊ देवराम आणि वस्तीतली माणसं हाकायला निघाली होती, तू शिकवलेली मुलंही. बाबा पलीकडच्या टोकाला जाळ्याची दोरी धरून उभे होते. थकलेत फार. मी काठाकाठाने त्यांच्यापर्यंत गेले.

"बाबा, जाळं कुठे लावलं आहे?"

त्यांनी बोट दाखवलं. या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत. मी बघून घेतलं. दोरीला हात लावून पाहिला.

"मी उतरू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का, कशाला, असं काही विचारलं नाही. "उतरा. पन उतरल्यावर चूप नोका राहू."

मी पदर खोचला, चप्पल काठावर ठेवली, घड्याळ तुझ्या मायच्या हातात दिलं. गाळ थंड होता आणि बोटांमधून वर येत होता. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. देवराम शेजारी होता. तो म्हणाला, "बाई, माह्या हाताले धरा." मी धरला. मग त्या माणसांनी एकदम पाणी बडवायला सुरुवात केली आणि मीही मोकळ्या हाताने बडवलं. आधी जरा संकोचाने. मग तुझी पुण्याची शर्यत आठवली आणि मी तोंडाने 'हो हो हो' केलं. पंचेचाळिशी उलटलेली शिक्षिका. एक मुलगा हसला. मी त्याच्यावर पाणी उडवलं. आम्ही सगळे ओरडत, पाणी फोडत जाळ्याकडे गेलो, आणि माझ्या पोटऱ्यांना काहीतरी घासून गेलं, एकदा, दोनदा. मी थांबले नाही. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा मला कळलं की मी देवरामचा हात कधीच सोडला आहे.

जाळं ओढलं. रोहू होते, मरळ होती, बारीकसारीक पुष्कळ. बाबांनी जाळ्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "डावीकडच्या सुटल्या," म्हणाले. "पन ठीक आहे."

जेवून निघाले तेव्हा साडी अर्धीच वाळली होती. गोंदियाची बस पकडली. कंडक्टरने तिकीट देताना माझ्याकडे, मग बाहेरच्या कोरड्या रस्त्याकडे पाहिलं.

"मॅडम, उधर पानी गिरा क्या?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. माझी तीच सवय.

"नाही," मी म्हटलं. "मासे हाकायला उतरले होते."

"मिले?"

"मिळाले," मी म्हटलं. "जाळं होतं."